घोड्याची झूल : कोणती ऊब देते, कोणती टिकते

मुंबईच्या विलेपार्ले उपनगराचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले ते बहुधा बिस्किटाच्या पुड्यावरून. तेथील तो कारखाना १९२९ साली निघाला आणि २०१६ साली बंद झाला. परंतु ग्रामीण धंद्यांशी या उपनगराचा याहून जवळचा एक संबंध आहे. पार्ल्याच्या पश्चिम भागात, इर्ला रस्त्यावरील ‘ग्रामोदय’ या इमारतीत खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय आहे. १९५६ च्या कायद्यान्वये हा आयोग एप्रिल १९५७ मध्ये अस्तित्वात आला. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरीच्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड ती खादी, अशी त्या कायद्याची व्याख्या आहे. ही कसोटी लावली तर माण, आटपाडी किंवा सांगोला भागातील चरख्यावर कातलेली व मागावर विणलेली काळी घोंगडी ही शुद्ध लोकरी खादीच ठरते.

मात्र ती घोंगडी घोड्याच्या पाठीवर टाकली असता किती हंगाम टिकेल, हे व्याख्या सांगत नाही. ते तिचे कामही नव्हे. कापड कसे झाले हे एका शिक्क्याने कळते, ते कोणत्या कामाला पुरे पडेल हे दुसऱ्याच कसोट्यांनी ठरते. घोडा पाळणाऱ्याला झूल विकत घेताना नेमक्या या दुसऱ्या कसोट्या कोणी सांगत नाही आणि तो पुष्कळदा केवळ किमतीवर निवड करून मोकळा होतो.

घोडा आता केवळ शोभेपुरता उरला, असा शहरांतून समज आहे. मुंबईपुरता तो बराचसा खरा आहे. तेथील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि त्यानंतर त्या रस्त्यावरून गेल्या. आता उपनगरांत घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत. परंतु राज्याच्या इतर भागांत चित्र वेगळे आहे. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे मेंढपाळ धनगर आपला सारा संसार आजही तट्टांवर लादून नेतात. याच दख्खनी तट्टांची भीमथडी ही जात अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तेथील वाहतुकीचा मोठा भार घोड्यांवर आहे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा येथे तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांची मोठी उलाढाल होते. या दोन्ही यात्रा मार्गशीर्षाच्या आगेमागे, म्हणजे ऐन थंडीत, उघड्या माळावर होतात. शेकडो मैल चालून आलेले जनावर, त्याच्या पायाशी शिंगरू आणि वरून दहिवर, अशा रात्री झूल ही चैनीची वस्तू राहत नाही.

झूल कोणाला हवी

तरीही प्रथम हे सांगितले पाहिजे की प्रत्येक घोड्याला झूल लागतेच असे नाही. हिवाळी लव दाट आलेला, कोरडा आणि पोटभर वैरण मिळालेला घोडा पाच अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सहसा सहज सोसतो. वैरण पचताना जी उष्णता निर्माण होते तीच त्याची मोठी शेगडी. पण हाच घोडा भिजला, वारा लागला, तर लवेच्या केसांत अडकून राहिलेली हवा निघून जाते आणि कितीतरी सौम्य थंडीतही तो कुडकुडू लागतो. म्हातारे, आजारी, रोडावलेले जनावर, लहान शिंगरू आणि भादरलेला घोडा यांना झुलीची गरज प्रथम. दौडून किंवा ओझे वाहून घामाघूम झालेला घोडा हा या यादीतला पुष्कळदा विसरला जाणारा सभासद होय.

विलेपार्ल्याला लागूनच सांताक्रूझची वेधशाळा आहे. तेथील नीचांकी तपमान २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश इतके नोंदले गेले. एरवी जानेवारीतही तेथे रात्रीचा पारा त्याच्या दुपटीवर असतो. उलट २६ जुलै २००५ रोजी त्याच वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आटपाडी किंवा माणच्या शिवारात वर्षभरातही इतका पाऊस पडत नाही. तेव्हा किनारपट्टीवरच्या घोड्याचा शत्रू ओल आहे आणि देशावरच्या घोड्याचा शत्रू पहाटेचा गारठा. एकच झूल दोन्हीकडे सारखी चांगली ठरेल, ही अपेक्षाच चुकीची. ‘सगळ्यात चांगली झूल कोणती’ असा प्रश्न जो विचारतो त्याला आधी त्याचे गाव विचारावे.

घोंगडी

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व केसाळ असते. तिच्या तंतूची जाडी सरासरीने पन्नास मायक्रोनच्या आसपास भरते. उलट मेरिनो मेंढीचा तंतू वीस मायक्रोनच्या जवळपास असतो. त्यामुळे दख्खनी लोकरीचा स्वेटर माणसाच्या अंगाला टोचतो आणि वस्त्रोद्योगात तिला भाव मिळत नाही. पण घोड्याच्या अंगावर स्वतःचे केस असतात, त्याला ती टोचत नाही. आणि जाड तंतू घासाघाशीला अधिक काळ टिकतो. गालिच्यासाठी भरडी लोकरच का घेतात, याचे कारणही हेच. माणसाच्या अंगावरचा दोष जनावराच्या अंगावर गुण ठरावा, असा हा प्रकार आहे. यास्तव कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची, मऊ व महाग घोंगडी घोड्यासाठी घेण्यात शहाणपणा नाही. ती घरातल्या वृद्धांसाठी ठेवावी. मात्र अगदी पांढुरके, ठिसूळ, पोकळ केस ज्या लोकरीत फार असतील ती घोंगडी लवकर झडते, हेही ध्यानात ठेवावे.

लोकरीचा खरा गुण तिच्या ओलाव्याशी असलेल्या वागण्यात आहे. नेहमीच्या दमट हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे सोळा टक्के ओलावा धरून असते. तागात हे प्रमाण चौदाच्या जवळ, कापसात साडेआठच्या आसपास आणि पॉलिस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. फार दमट हवेत लोकर तीस टक्क्यांच्या घरात बाष्प शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. एवढेच नव्हे, तर हे बाष्प शोषताना तिच्यातून थोडी उष्णता बाहेर पडते. उलट तंतूचा वरचा पृष्ठभाग पाण्याचा थेंब चटकन आत घेत नाही. म्हणून झिमझिम पावसात घोंगडीवरून पाणी ओघळते आणि आतल्या घामाची वाफ मात्र बाहेर पडत राहते. धनगर भर पावसात घोंगडीची खोळ करून उभा राहतो, त्यामागचे शास्त्र हेच.

विणकराची करामत यापुढची. सणगर मागावर ताणा चढवताना त्याला चिंचोक्यांची खळ देतात. त्यामुळे धागा तुटत नाही आणि नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. हा ताठपणा म्हणजे टिकाऊपणा असे समजून गिऱ्हाईक फसते. खळ हा पिष्ठमय पदार्थ आहे. पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि उंदीर, झुरळे तिच्या वासाने येतात. नवी घोंगडी थंड पाण्यात भिजवून पायांनी चांगली तुडवावी व सावलीत ताणून वाळवावी. खळ निघून जाते, तंतू एकमेकांत गुंततात, वीण आवळते आणि कापड थोडे आटते. म्हणूनच घोंगडी घेताना लांबीरुंदीत वीतभर जास्तीची घ्यावी. तुडवल्यानंतरही जी घोंगडी घट्ट राहते तीच खरी.

घोंगडीचे दोषही तितकेच स्पष्ट सांगायला हवेत. ती जड असते. मुसळधार पावसात ती अखेर भिजतेच आणि मग वाळण्यास दोन दिवस घेते. ओली लोकर कोरडीपेक्षा कमकुवत असते, त्यामुळे ओल्या घोंगडीला हिसका बसला की ती फाटते. कोकणातल्या श्रावणात ती घोड्यावर घालणे म्हणजे जनावराच्या पाठीवर पाण्याची गोणी लादणे होय.

आणखी एक अडचण कापडाबाहेरची आहे. दख्खनी लोकरीचा भाव इतका उतरला आहे की अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि लोकर उकिरड्यावर जाते. मांसाला चांगला भाव मिळतो म्हणून कित्येक मेंढपाळ अंगावर फारशी लोकर नसलेल्या माडग्याळ मेंढीकडे वळले आहेत. त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परिणाम मात्र असा, की ‘घोंगडी’ या नावाने बाजारात ताण्याला सूत किंवा कृत्रिम धागा आणि केवळ बाण्याला लोकर, असा मालही येतो. अशा मिश्रणाची घोंगडी वाईटच असते असे नाही. सुती ताण्याने ती स्वस्त व हलकी होते. पण लोकरीच्या किमतीला ती घेऊ नये.

गोणपाट, शॉडी व कृत्रिम झूल

तागाचे गोणपाट हे गरिबाची झूल. त्याला हिणवण्याचे कारण नाही. इंग्लंडातील तबेल्यांतूनही तागाच्या, आत लोकरीचे अस्तर लावलेल्या झुली कित्येक पिढ्या वापरात होत्या. गोणपाटाचा सर्वोत्तम उपयोग घामेजलेल्या घोड्यासाठी आहे. पाठीवर कोरड्या पेंढ्याचा किंवा गवताचा पातळ थर पसरून वर सैल गोणपाट टाकावे. पेंढ्यातून हवा खेळते, वाफ गोणपाटाबाहेर निघते आणि घोडा गारठा न लागता वाळतो. मग गोणपाट काढून खरारा करावा व कोरडी झूल घालावी. ऊब देण्यात गोणपाट घोंगडीच्या पासंगालाही पुरत नाही आणि ओल व वाळवण यांच्या फेऱ्यात ते कुजते. खताच्या किंवा औषधाच्या गोण्या धुऊनही घोड्याच्या अंगाला लावू नयेत.

शॉडी म्हणजे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा कातलेल्या धाग्याचे कापड. ही युक्ती १८१३ मध्ये इंग्लंडातील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने काढली. आपल्याकडे हरियानातील पानिपत हे तिचे मोठे केंद्र झाले आणि आपत्तीच्या वेळी वाटली जाणारी करडी कांबळी बहुधा तेथूनच येत. शॉडीतला तंतू पिंजताना तुटून आखूड झालेला असतो. त्यामुळे कांबळे पहिल्या वर्षी ऊबदार वाटते, पण घासले जाते तेथे लवकर विरळ होते. खोगिराच्या कडेखाली, छातीवर आणि मागच्या मांडीजवळ ते आधी जाते. तबेल्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याला ते चालेल. रोज वाटचाल करणाऱ्या तट्टाला ते पुरणार नाही.

मऊ, रंगीत पॉलिस्टर कांबळ्यांनी आता बाजार भरला आहे. ती हलकी, स्वस्त व लवकर वाळणारी असतात आणि त्यांना कसर लागत नाही. हे गुण खरे आहेत व दमट किनाऱ्यावर ते मोलाचे आहेत. परंतु पॉलिस्टर सुमारे २६० अंशांवर वितळते. पागेत पेंढा असतो, दिवा असतो आणि मोतद्दाराच्या ओठांत विडी असते. ठिणगी पडली तर लोकर जळजळून करपते आणि बहुधा आपोआप विझते. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. यात्रेत शेकोटीभोवती घोडे बांधले जातात तेथे हा फरक जनावराच्या कातड्यावर कायमची खूण ठेवू शकतो.

थंड देशांत घोड्यांसाठी बनविलेल्या झुलींना वरून जलरोधक, पण वाफ बाहेर सोडणारे कापड आणि आत कृत्रिम भरण असते. त्यांच्या वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये, उदाहरणार्थ ६०० किंवा १२००, आणि भरण दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. डेनियरचा आकडा मुख्यतः फाटण्याशी संबंधित आहे आणि ग्रॅमचा उबेशी. विक्रेते हे दोन्ही आकडे एकत्र मिसळून सांगतात, तेव्हा गिऱ्हाइकाने ते वेगळे करून विचारावेत. महाराष्ट्रात जड भरणाची झूल घोड्याला उकडवील एवढेच; पावसासाठी भरण नसलेली पातळ झूल मात्र उपयुक्त आहे. साधी प्लास्टिकची ताडपत्री तिची जागा घेऊ शकत नाही. तिच्याखाली घाम साचतो, कातडी मऊ पडते आणि उन्हाने ताडपत्रीचे धागे ठिसूळ होतात.

घरच्या घरी पारख

गावपातळीवरील कार्यकर्त्याने तुलनेचा एक छोटा प्रयोग गावात करून दाखवावा. दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. विक्रीच्या निरनिराळ्या कापडांचे एकेक हात चौरस तुकडे घ्यावेत. सर्व कोरडे तोलावेत. मग तासभर पाण्यात बुडवून, दहा मिनिटे निथळत ठेवून पुन्हा तोलावेत. वाढलेले वजन म्हणजे भर पावसात जनावराला वाहावे लागणारे जास्तीचे ओझे. तेच तुकडे सावलीत दोरीवर टाकून कोणता केव्हा वाळला याची नोंद करावी. वाळल्यावर पुन्हा मोजले की आटण्याचे प्रमाण कळते.

धाग्याची जात ओळखण्यास ताण्याचा एक व बाण्याचा एक धागा वेगवेगळा काढून चिमट्यात धरावा व जाळावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. कापूस व ताग कागदासारखे जळून करडी भुकटी उरते. कृत्रिम धागा आक्रसून वितळतो व त्याची कठीण गोळी होते. दोन्ही धाग्यांची परीक्षा करावी, कारण लबाडी बहुधा ताण्यात असते. यानंतर कापड सूर्याकडे धरावे. उजेड सर्वत्र सारखा झिरपला पाहिजे, कोठे भोके व कोठे गठ्ठे असे नसावे. शेवटी दगडाच्या कडेवर दोनशे वेळा घासून कोणता तुकडा आधी विरतो ते पाहावे. हे प्रयोगशाळेचे माप नव्हे, पण एकाच दगडावर, एकाच हाताने केले तर कापडांची तुलना बरोबर कळते.

झूल फाटण्याची सुरुवात कापडात क्वचितच होते. ती बंद शिवलेल्या जागी होते. तेथे आतून जाड कॅनव्हासचे किंवा चामड्याचे ठिगळ लावूनच बंद शिवावेत. पोटाखालून एकच आवळ तंग घेण्यापेक्षा दोन सैल बंद तिरपे घ्यावेत. माप सुतळीने, छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एका बाजूने घ्यावे. झूल आखूड असली तर ती मागे ओढली जाते आणि मानेच्या मुळाशी वर आलेल्या हाडावर घासून जखम करते. अशी जखम झालेल्या जनावरावर कित्येक आठवडे खोगीर ठेवता येत नाही, म्हणजे तेवढे दिवस मालकाची रोजी बुडते.

निगा आणि हिशेब

लोकरीचा मोठा वैरी म्हणजे क्षार. पागेत नाकाला झोंबणारा जो दर्प येतो तो मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचा. तो ओल्या घोंगडीत मुरला की तंतू हळूहळू खातो. धुण्याचा सोडा व झोंबरा साबणही तेच करतात. घोंगडी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये, दगडावर आपटू नये, आडवी पसरून वाळवावी. दुसरा वैरी कसर. कसरीच्या अळ्यांना घाम व मळ लागलेली लोकर अधिक आवडते, म्हणून हंगाम संपताच झूल न धुता माळ्यावर टाकणे हे तिला मेजवानी वाढण्यासारखे आहे. धुऊन, कडक ऊन दाखवून, झाडून ती घट्ट बांधून ठेवावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि पावसाळ्यात उघडीप मिळताच पुन्हा ऊन द्यावे. नुसत्या पाल्यावर विसंबू नये. एका घोड्याची झूल दुसऱ्यावर घालू नये. गजकर्ण व खरूज याच वाटेने पागाभर पसरतात.

आता पैशाचा हिशेब. समजा, एक कांबळे ४०० रुपयांचे असून एकच हंगाम टिकते आणि घोंगडी २,००० रुपयांची असून आठ हंगाम टिकते. तर कांबळ्याचा खर्च हंगामाला ४०० रुपये व घोंगडीचा २५० रुपये पडतो. पण हीच घोंगडी कसरीने तिसऱ्या वर्षी संपवली तर तिचा खर्च हंगामाला ६६६ रुपयांवर जातो आणि स्वस्त कांबळेवालाच शहाणा ठरतो. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव व आपला अनुभव घालून गणित मांडावे. ज्याच्या घरी धुणे, वाळवणे, बांधून ठेवणे होणार नाही त्याने महाग घोंगडी घेऊ नये, हे स्पष्ट सांगण्यात कार्यकर्त्यांनी संकोच करू नये.

देशावरील थंडीसाठी तुडवून घट्ट केलेली भरड्या लोकरीची घोंगडी, घाम वाळवण्यासाठी एक गोणपाट, आणि कोकणात उतरणाऱ्या तट्टासाठी त्याखेरीज एक पातळ, वाफ सोडणारी पावसाळी झूल, एवढा सरंजाम बहुतेकांना पुरतो. पार्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या ठाणबंद घोड्याला तर कोरडी जमीन, वारा अडवणारी भिंत आणि गोणपाट मिळाले की लोकरीची गरज क्वचितच पडते.

घोंगडी झूल म्हणून निकामी झाली तरी टाकून देऊ नये. तिचा मधला, न झिजलेला भाग कापून दोन पदरी शिवला की खोगिराखाली घालण्यास उत्तम गादी होते, कारण घाम शोषूनही ती दबून दगडासारखी होत नाही. चिंध्या कोंबलेली खोगीरभरती तेथे चालत नाही. मात्र ही गादी शिवताना जोड, गाठ किंवा ठिगळाची कड मणक्यावर येऊ देऊ नये आणि दर मुक्कामाला ती काढून उलटी वाळत घालावी.